अनुदानाच्या खुर्च्या मोजायच्या कशा

मी अठरा वर्षं व्हीलचेअर बास्केटबॉल खेळलो, आता एका छोट्या न्यासाचा खजिनदार आहे. दुसऱ्या संस्थांमधल्या मुलांचे पालक विचारतात, "दादा, सरकारचं अनुदान येतं म्हणे, मग पोरीला खेळायची खुर्ची का नाही?" मी सांगतो, भांडण नंतर, आधी कागद.

धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद, आणि लेखापरीक्षण अहवालाच्या नकला मागा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यात कधीच वारलेला माणूस अजून विश्वस्त दिसला, तर बाकीच्या दप्तराचाही अंदाज येतो. खर्चात प्रवासाचा आकडा मोठा दिसला म्हणून मात्र लगेच उखडू नका. आमच्या खेळात खेळाडूबरोबर मदतनीस जातो, रोजच्या खुर्चीशिवाय खेळाची खुर्चीही जाते. स्पर्धावार फोड मागा. ती देता येत नसेल, तर मग विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज अनुदान देणाऱ्या कार्यालयाकडे करा. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी स्वयंसेवी संस्थाही या कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. पण "आम्ही त्यात बसत नाही" या वादात वर्ष जातं. राज्याच्या कार्यालयासाठी अर्जात एकच विषय, १५० शब्दांपर्यंत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. "पैसे कुठे गेले?" असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि खरेदीची बिलं यांच्या प्रती मागा.

बिलं हातात आली की संस्थेत जाऊन डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, पाहायला मागा, आणि खुर्च्या मोजा. खरंच, बोट लावून. केंद्राच्या अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरीशिवाय विकताही येत नाही. मी खेळत होतो तेव्हा एका संस्थेच्या नव्या खुर्च्या प्लास्टिकसकट कोठीत होत्या, पाहुणे आले की बाहेर यायच्या. कागदोपत्री सगळं चोख. आम्ही दवाखान्याच्या खुर्चीवर सराव करायचो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक फ्रेमवर ऑइलपेंटनं खरेदीचं साल आणि क्रमांक लिहिलाय. पोरं हसतात, "काका, म्हशीला बिल्ला लावल्यासारखं दिसतं." दिसू दे. सात नंबरची सध्या वेल्डिंगला गेलीय, तेही वहीत आहे.