फोटोवरून रानफूल ओळखायचं, तर फोटो कसे काढायचे?

पावसाळ्यात नागपुरात गोरेवाडा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सला एखादं पिवळं फूल दिसतं, आपण त्याचा जवळून एक सुंदर फोटो काढतो आणि घरी आल्यावर नाव काही सापडत नाही. पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं आपल्याकडे ढिगानं आहेत. खरी ओळख पटते पान, देठ आणि शेंगेवरून. म्हणून एका झाडाचे सहा फोटो घ्या: अख्खं झाड, खोडावरची पानांची मांडणी (समोरासमोर की एकाआड एक), पानाची मागची बाजू, फूल समोरून, फूल बाजूनं आणि फळ किंवा शेंग. मापासाठी शेजारी दहाचं नाणं धरा, ते २७ मिमीचं असतं.

बाजूचा फोटो बरेच जण गाळतात. रुईच्या दोन जाती त्यातच कळतात: एकीच्या पाकळ्या पसरून मागे वळतात, दुसरीच्या उभ्या राहतात आणि टोकाला जांभळ्या असतात.

आता तरोटा (टाकळा) आणि कासोदा ही दोन रानझुडपं घ्या. फुलं दोन्हींची पिवळी. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) सहसा तीन जोड्या, टोकाकडे रुंद, गोलसर. कासोद्याच्या बहुधा चार-पाच जोड्या आणि त्या टोकदार. तरीही शंका असेल तर पानाचा देठ बघा. कासोद्याच्या देठाच्या बुडाशी एक ठसठशीत ग्रंथी (बारीक गाठ) असते. तरोट्यात ती बारीक काडीसारखी, पर्णिकांच्या खालच्या जोड्यांमध्ये. तरोट्याची शेंग लांब, बारीक, वाकलेली, कासोद्याची चपटी. तरोट्याची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो, कासोद्याच्या बिया मात्र विषारी. त्यामुळे नुसत्या फोटोवर भरवसा ठेवून कुठलीही रानभाजी कढईत टाकू नका.

तरोटा सकाळीच टिपा. सूर्य मावळतीला कलला की त्याच्या पर्णिका मिटतात आणि पानाचा आकारच कळत नाही.

ग्रंथीच्या फोटोसाठी मोबाइल अगदी चिकटवू नका, बहुतेक फोन त्या अंतरावर फोकस करत नाहीत. वीतभर मागे या, दुप्पट झूम करा, मागे तळहात धरा. वारा असेल तर फांदी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पकडा.

पांढऱ्या फुलांना उजेड कमी करा. एकदांडीच्या फुलाच्या कडेला पाकळ्यांसारख्या सहसा पाचच जिभल्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. भर उन्हात फोटो फटफटीत आला की हे दाते पुसले जातात आणि ओळखीची खूणच जाते. मोबाइलच्या पडद्यावर फुलावर बोट टेकवा, उजेडाची पट्टी खाली ओढा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर सगळे फोटो एकाच नोंदीत चढवा, जागा आणि तारखेसह. ॲपनं सुचवलेलं पहिलं नाव हा फक्त अंदाज; ते आपल्या फोटोतल्या पानाशी आणि देठाशी ताडून बघा. एकही खूण जुळत नसेल तर नाव सोडून द्या. तरोटा-कासोद्याच्या फोटोत ग्रंथी दिसतच नसेल तर जातीचं नाव न लावता नोंद ‘सेना’ (Senna) या, दोन्ही जाती जिच्यात येतात त्या प्रजातीपाशीच थांबवा आणि शेंगा धरल्यावर त्याच झाडापाशी पुन्हा जा.