सौर कृषिपंप पाणी कमी देतो? आधी या चुका तपासा

महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, एवढाच वाटा शेतकऱ्याला भरावा लागतो. रात्रीच्या विजेसाठी जागणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे. म्हणूनच पंप बसल्यावर ‘धार बारीक झाली’ असे ऐकले की जीव हळहळतो, कारण पुष्कळदा दोष यंत्रात नसतो.

अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती, असा पंप जमिनीच्या क्षेत्रावरून मिळतो. विहिरीची खोली मात्र सातबाऱ्यावर नसते. ३० मीटरवरून जेवढे पाणी येते, त्याच्या साधारण निम्मेच तेवढ्याच उन्हात ६० मीटरवरून येते. त्यामुळे पाण्याची पातळी डिसेंबरात नव्हे, तर मे महिन्यात दोरीला दगड बांधून मोजावी आणि तीच पुरवठादाराला सांगावी. पंप मध्येच थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा विहीर उपसली गेल्यामुळे मोटर जळू नये म्हणून कंट्रोलरने, म्हणजे पंप चालवणाऱ्या नियंत्रक पेटीने, तो बंद केलेला असतो.

सावलीकडे तर फारच दुर्लक्ष होते. पॅनेलच्या दक्षिणेला खेटून उसाची लावण केली, तर ऊस कमरेएवढा असेपर्यंत काही जाणवत नाही; पण तो डोक्यावर गेला आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला की खालची रांग झाकली जाते. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे थोड्या सावलीनेही साऱ्या ओळीची वीज घटते.

धूळ सकाळी लवकर, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसावी. राख, काथ्या वापरू नये, आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मुळीच ओतू नये.

ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडणे ही माझ्या मते सर्वांत महागडी सवय आहे. सकाळी ऊन कोवळे असताना दाब कमी असतो, तेव्हा लहान तुकडा भिजवावा आणि मोठा तुकडा अकरा ते तीनच्या वेळेत घ्यावा. ऊन फुकट आहे म्हणून पाटाने पाणी सोडत राहिल्यास शेजारच्या विहिरीही आटतात.

एवढे तपासूनही पंप चालला नाही, तर कंट्रोलर स्वतः उघडू नये. पाच वर्षांच्या हमीत दुरुस्ती येते. पडद्यावर दिसणाऱ्या कोडचे छायाचित्र जोडून तक्रार नोंदवावी.