मॉडेल रेल्वेच्या रुळांवर खडी कशी चिकटवावी: आधी ओल, मग गोंद

रूळ अंथरून झाले, तारा जोडल्या, गाडी दोन-चार फेऱ्या मारून आली, की खडीची पाळी येते. प्लायवूडवर नुसते ठोकलेले रूळ खेळण्यातले वाटतात. त्यांच्या दोन्ही अंगांना खडीचा उतार आला की तेच रूळ वर्षानुवर्षं तिथे असल्यासारखे दिसू लागतात. तरीही या कामाला अनेकजण बिचकतात, कारण तासभर निगुतीनं पसरलेली खडी गोंदाच्या पहिल्या थेंबाला विस्कटते, जागोजागी खळगे पडतात आणि दुसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा तेवढा घट्ट, खाली सगळं सुटं असं निघतं. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: गोंद कोरड्या खडीवर टाकलेला असतो. खडी तळापर्यंत भिजलेली असेल तर गोंद आपोआप आत ओढला जातो.

पण त्याआधीची थोडी कामं आहेत. खडी चिकटली की रुळाखालची तार दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं, म्हणून इंजिन अगदी सावकाश, दोन्ही दिशांनी, प्रत्येक रुळावरून चालवून पाहा. कुठे अडखळलं तर तिथल्या तारेचा जोड आत्ताच डाग देऊन पक्का करा. रुळांच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगवायच्या असतील तर त्याही आत्ताच रंगवा आणि रंग ओला असतानाच रुळांचा माथा पुसून घ्या.

खडीचा आकार

इथे थोडा हिशेब करावाच. खऱ्या लोहमार्गावरची खडी साधारण 25 ते 65 मिलिमीटर आकाराची असते. मॉडेलचं एचओ नावाचं प्रमाण 1:87 आहे, म्हणजे सगळं खऱ्याच्या 87 पट लहान; 50 मिलिमीटरचा दगड तिथे जेमतेम 0.6 मिलिमीटरचा होतो. त्याहून लहान एन प्रमाणात, म्हणजे 1:160 मध्ये, तोच दगड 0.3 मिलिमीटरचा. तयार पाकिटांतली खडी बऱ्याचदा याहून मोठी असते आणि मग रुळांशेजारी धोंडे पडल्यासारखं दिसतं. मन दोन आकारांमध्ये अडकलं तर बारीक घ्या.

चाळलेली वाळू वापरायची असेल तर ती धुऊन पूर्ण वाळवा आणि पातळ कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. कागदाला काळे कण चिकटले तर ते सगळे निघेपर्यंत फिरवत राहा. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतं. लोखंडाचे कण तिथे ओढले जातात आणि मोटर खराब करतात. अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्याचीही खडी मिळते, पण ती हलकी असल्यानं पाण्यावर तरंगते. पहिल्यांदाच करत असाल तर दगडाचीच घ्या.

कोरडी रचना

सगळा वेळ इथे द्या. गोंद फक्त जे आहे ते धरून ठेवतो. आत्ता तिरकी असलेली खडी उद्याही तिरकीच असणार.

एका वेळी फूटभरच रूळ घ्या. चमच्यानं किंवा घडी घातलेल्या कागदानं दोन्ही रुळांच्या मध्ये खडी सोडा, वाटते त्यापेक्षा कमीच. मऊ, चपटा, बोटभर रुंद ब्रश रुळांच्या दिशेनं हलकेच ओढत खडी स्लीपरांच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या फटींत बसवा. ती स्लीपरांच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे. मग बाहेरच्या बाजू: स्लीपरांच्या टोकांपलीकडे थोडी सपाट पट्टी ठेवा आणि तिथून खाली उतार करा. उतार बोटाच्या पेरानं दाबत गेलं की छान सरळ येतो.

आता ब्रशच्या दांड्यानं रुळांवर हलकेच टकटक करा. स्लीपरांवर अडकलेले कण टुणकन उडून फटींत पडतात. हे पाहायला मोठी मौज वाटते. शेवटी खोलीतला दिवा मालवा, टॉर्च रुळांच्या पातळीवर आडवी धरा आणि डोळाही तितकाच खाली आणा. प्रत्येक चुकार कणाची लांब सावली पडते. रुळाच्या आतल्या कडेला टेकलेले कण नीट शोधा, कारण चाकाची कड तिथूनच धावते आणि एवढासा दगडही तिला उचलतो. बारीक टोकाच्या ब्रशनं एकेक काढा.

ओल

वीज बंद करा. स्प्रेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका. निम्मं पाणी आणि निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं तर आणखी चांगलं भिजतं, मात्र खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास ज्योत नको. नुसतं पाणी खडीच्या धुळीवर अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. साबण किंवा अल्कोहोल पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, म्हणून ते पसरतं आणि आत शिरतं.

पहिला फवारा नेहमी जाड थेंबांचा येतो, तो बाजूला मारा. मग बाटली हात-दीड हात उंच धरून धुकं वरून अलगद खाली उतरू द्या. खडीवर थेट नेम धरला तर ती उडते. वरचा रंग गडद झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तळापर्यंत भिजायला आणखी तीन-चार फवारे लागतात.

गोंद

लाकडाला वापरतात तो पांढरा पीव्हीए गोंद एक भाग, पाणी दोन भाग आणि साबणाचा एखादा थेंब. ढवळल्यावर पातळ दुधासारखं दिसायला हवं. ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज घ्या आणि टोक खडीला जवळजवळ टेकवूनच थेंब सोडा. उंचावरून पडलेला थेंब खळगा करतो. ओल नीट झाली असेल तर पांढरा थेंब क्षणभर दिसतो आणि लगेच दगडांच्या फटींतून स्लीपरकडे धावत नाहीसा होतो. थेंब वर गोळा होऊन बसला तर थांबा आणि पुन्हा फवारा मारा. आधी रुळांमधल्या फटी, मग बाहेरचे उतार. उताराच्या पायथ्याशी दुधाळ रेघ दिसू लागली की गोंद तळाला पोचला.

रुळांचा माथा ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि मग 24 तास हात लावू नका. सुरुवातीला सगळं पांढुरकं आणि भयंकर दिसतं, पण वाळल्यावर गोंद पारदर्शक होतो.

सांध्यांची वेगळी काळजी

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा ही या कामातली सर्वांत नाजूक जागा. माझ्या पहिल्या मांडणीत मी सांध्यावरही सरसकट गोंद सोडला. तो हलत्या पट्टीखाली झिरपला आणि सकाळी सांधा दगडासारखा घट्ट झाला होता. कोमट पाणी आणि टूथपिक घेऊन तो सोडवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून हलत्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या फटी मी रिकाम्या ठेवतो आणि खालची जागा फक्त खडीच्या रंगानं रंगवतो. बाकीच्या भागात घट्ट गोंद बारीक ब्रशनं लावून त्यावर खडी भुरभुरतो, पातळ गोंद सोडतच नाही. पट्टीला प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब लावला की गोंद तिथे धरत नाही. वाळेपर्यंत सांधा अधूनमधून दोन्हीकडे हलवत राहा.

वाळल्यावर

व्हॅक्युमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून सुटी खडी ओढून घ्या. ती मोज्यात जमते आणि पुन्हा वापरता येते. जिथे खड्डा दिसेल तिथे खडी, फवारा, गोंद हेच पुन्हा. रुळांचा माथा आणि आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा, तेही वाळू द्या आणि मग इंजिन सावकाश चालवा. टिक्-टिक् आवाज आला तर त्या जागी एखादा कण चाकाला लागतोय. नखानं चाचपला की सापडतो.

वाळलेला पीव्हीए कडक असतो, त्यामुळे गाडीचा आवाज खालच्या फळीपर्यंत पोचून थोडा वाढतो. त्याचा त्रास होत असेल तर लवचीक राहणारा लेटेक्स गोंद पातळ करून वापरता येतो. त्याला अमोनियाचा वास असतो, तेवढा सोसावा लागतो.

गोंद घेताना एक पाहा: तो पाण्यात न विरघळणाऱ्या प्रकारचा नसावा. साधा पीव्हीए असेल तर मांडणी बदलायची वेळ आली तरी रूळ वाया जात नाहीत. कोमट पाणी सोडून अर्धा-पाऊण तास थांबा, खडी मऊ पडली की पातळ चपटी सुरी स्लीपरांखाली सरकवत रूळ हळूहळू उचला, ब्रशनं धुऊन वाळवा आणि नव्या जागी बसवा.