जुन्या घराच्या परसात बाग करताय? या चुका टाळा

पुण्यात पेठांतले पडके वाडे आणि एरंडवण्यातले वर्षानुवर्षं कुलूपबंद बंगले पुन्हा राहते करून तिथे भाजीपाला, फळझाडं लावणारे लोक वाढलेत. छान आहे. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: रोपं कुठून आणू? आधी एक पावसाळा नुसतं बघा, पाणी कुठे तुंबतं, ऊन कुठे येतं, असं सांगितलं की चेहरे पडतात.

राडारोड्यावर लाल माती पसरणं, ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. दुरुस्तीत निघालेल्या विटा, चुना, सिमेंटची ढेकळं मागच्या अंगणातच जिरवायची ही आपल्याकडची जुनी रीत. ओळखीतल्या एका कुटुंबानं मे महिन्यात ट्रकभर लाल माती आणून वर वीतभर थर दिला आणि लिंबू, डाळिंब, कढीपत्ता लावून मोकळे झाले. जुलैत सगळं हिरवंगार, फोटो नातेवाइकांत फिरले. दिवाळीपर्यंत कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कुणी सांगितलं म्हणून युरिया, मग शेणखत, मग कसलंसं टॉनिक. अहो, नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. नवी पडताहेत म्हणजे बहुधा लोह मिळत नाहीये. चुन्यानं माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारून पानं तात्पुरती सुधारतात, चुना खाली तसाच. शेवटी लिंबाशेजारी खणलं, तर पहार जाऊन आदळली जुन्या फरशीवर, आणि फरशीवर पाणी साचलेलं.

माझी सवय सांगतो. रोप घरात यायच्या आधी दोन-चार ठिकाणी दीड फुटाचे खड्डे घ्यायचे. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकायचं. फसफसली तर चुना आहे. खड्डा पाण्यानं भरायचा, जिरला की पुन्हा भरायचा. दुसऱ्या सकाळीही पाणी उभं असेल तर तिथे झाड नको. राडारोडा उपसून चाळायचा. अख्ख्या विटा वाफ्यांच्या कडेला, तुकडे पायवाटेखाली. मजूर कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

गच्चीवर थेट माती ओतणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! भिजलेल्या मातीचा फूटभर थर चौरस मीटरला साधारण ५०० किलो भरतो. वापरातल्या साध्या गच्चीसाठी भारतीय मानकात १५० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. वाड्याच्या लाकडी तुळयांवरच्या धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, तेवढाही भरवसा धरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी जड वाटते, पण हेच लोक इटालियन कुंड्यांना मात्र घासाघीस न करता पैसे मोजतात. मी तरी इंजिनिअरनं दाखवलेल्या जागीच, भिंतींलगत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळा भरलेल्या हलक्या कुंड्या ठेवतो.

भिंतीतला पिंपळ नुसता वरून छाटू नका. पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमानं येतो. मूळ काढा, भेग बुजवा.

आड बुजवून पार्किंग करायचं मनात आलं तर दोन दिवस थांबा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळपास हजार लिटर पाणी येतं, म्हणजे तुमची ती एकुलती एक टाकी एका सरीत भरली. उरलेलं गाळून आडातच सोडायचं. पहिल्या पावसाचं तेवढं बाहेर जाऊ द्या, आणि टाकीला जाळी हवीच, नाहीतर डासांचीच शेती होईल.

जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवखताचं, २०० लिटरचं प्रमाण एकरासाठी असतं, तुमच्या बारा कुंड्यांसाठी नाही.

आणि कंपोस्टला वास येतोय म्हणून पावडरी विकत आणू नका. सुका पाला कमी पडलाय, एवढंच. हिवाळा संपता संपता रस्त्याकडेला त्याचे ढीग लागतात. कुणी काडी लावायच्या आत पोती भरून आणा आणि पावसाळ्यासाठी कोरड्या जागी ठेवा.