आरव्ही घेऊन निघताय? आधी फ्रीज

भाड्याची आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, ताब्यात देताना तिथला माणूस बरंच काही सांगतो. आपण त्यातलं संडासाची टाकी कशी रिकामी करायची तेवढंच कान देऊन ऐकतो, कारण धास्ती त्याचीच असते. गॅसचं काय, सिलिंडर लावण्यात जन्म गेला. पण अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये प्रोपेन गॅसची टाकी बहुतेक गाडीलाच पक्की बसवलेली असते आणि त्या एका टाकीवर शेगडी, हीटर, गरम पाणी आणि फ्रीज, एवढं सगळं चालतं.

हो, फ्रीज. नेमका हाच राहून जातो, म्हणून आधी तोच. बऱ्याच आरव्हींमधला फ्रीज विजेवर किंवा गॅसवर चालतो, आणि गॅसवर असताना त्याच्या मागे खरीखुरी ज्योत जळत असते, गाडीच्या बाहेरच्या जाळीच्या अगदी आत. बटण ‘ऑटो’वर असलं की कॅम्पग्राउंडची, म्हणजे मुक्कामाच्या जागेची, विजेची वायर काढल्याबरोबर तो गुपचूप गॅसवर जातो. ना आवाज, ना वास. तशीच गाडी घेऊन तुम्ही पेट्रोल भरायला उभे राहता, म्हणजे पेट्रोलच्या वाफेशेजारी दिवा लावून. म्हणून पंपाच्या आवारात शिरण्याआधी, आवारात नव्हे, आधी, फ्रीज बंद आणि गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्हही बंद. हीटर आणि पाण्याचा गीझरही आपोआप पेटतात, तेही बंद. दार उघडलं नाही तर चार तासांत दूध नासत नाही, तेव्हा आईंनी काळजी करू नये. स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा: फ्रीज. नव्या गाड्यांत बॅटरीवरचा फ्रीज असतो, मग ही भानगड नाही. पण ते गाडी घेतानाच विचारा.

निघण्याआधी गॅसचा अलार्म बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचतो आणि हा अलार्मही जमिनीलगत असतो. त्याच्यासमोर बॅगा रचू नका. तो बहुतेक गाडीच्या बॅटरीवर चालतो. रात्रभर हीटरचा पंखा फिरून बॅटरी उतरली की अलार्मही मुका. अलार्मवर मुदत छापलेली असते, ती वाचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा आहे की त्यातच, हेही विचारून घ्या. त्या वायूला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ‘प्रवासाने झालं’ म्हणून आडवा होतो. फोडणीने धुराचा अलार्म कोकलणारच. त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग आपल्यातच आहेत. छताचा पंखा लावा, एक खिडकी उघडा, मग मोहरी टाका.

शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही. कितीही थंडी असो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो आणि फिशिंग ब्रिज सोडलं तर तिथल्या कुठल्याच कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, त्यामुळे हीटर गॅस भराभर खातो. गॅस जास्तीचा धरा, पांघरुणं जास्त घ्या.

टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. झटक्यात उघडलात तर आतली सुरक्षेची कळ गळती समजून गॅस अडवते आणि तुम्ही शेगडीला शिव्या देत बसता. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी, काडी नाही. ठळक वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब जाऊन 911 हा आणीबाणीचा नंबर लावा.

गॅस भरून घेताना सगळे खाली, आजोबासुद्धा. फ्रीज बंद. टाकी 80 टक्केच भरतात, वर जागा गॅसला फुगायला लागते. ‘पूर्ण भरा’ म्हणून हुज्जत घालू नका.

पूर्वेकडे जात असाल तर बोगदे बघा. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री बोगद्यांत प्रोपेनवाल्या आरव्हींवर निर्बंध आहेत. पूर्वी ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून वळसा घालता यायचा, तो मार्च 2024 मध्ये जहाज धडकून पडला, म्हणून आता पश्चिमेकडून 695 हा शहराभोवतीचा हायवे धरा. फोनमधला नकाशा हे सांगत नाही.

मुक्कामाला गाडी सपाट उभी करा, कलली तर फ्रीज नीट चालत नाही. झोपण्याआधी शेगडीच्या चाव्या बघा. परत देताना टाकी भरून हवी का ते करारात वाचा, व्हॉल्व्ह बंद करा, फ्रीज रिकामा करून त्याचं दार किलकिलं ठेवा.