पॅचुलीच्या नावाने बोटं मोडण्याआधी या चुका टाळा

पॅचुली, म्हणजे एका झुडपाच्या पानांचं सुगंधी तेल, आवडते का, असं विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे 'अहाहा'. दुसरं, 'शी, वर्षानुवर्षं बंद असलेली ट्रंक उघडल्यासारखं वाटतं'. मी साबण, मेणबत्त्या आणि हौसेपुरती अत्तरं करते, थोडं शिकवतेही. दर तुकडीत कोणीतरी बाटली हुंगून तोंड वाकडं करतं. महिन्याभराने तीच व्यक्ती स्वतः केलेल्या पॅचुलीच्या साबणाच्या वड्या घेऊन येते, आणि मग तोंड वाकडं करायची पाळी माझी असते. 'शी' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गाठ पॅचुलीशी पडलेलीच नसते. पडलेली असते ती कोणीतरी बेहिशेब ओतलेल्या पॅचुलीशी.

बाटलीला नाक लावून निकाल देणं

हे तेल फुलांचं नाही, पानांचं. झुडूप तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, आपल्या पाचेचं सख्खं भावंड. ताज्या पानांना वास बेताचाच असतो. ती वाळवून, थोडी मुरवून, मग वाफेवर तेल काढतात. बहुतेक माल इंडोनेशियातून येतो. तेल दाट, जड आणि सावकाश उडणारं असल्यामुळे बाटलीच्या तोंडाशी फक्त त्याचा पहिला, उग्र चेहरा भेटतो.

माझी सवय सांगते. १ ग्रॅम तेल ९ ग्रॅम अत्तराच्या अल्कोहोलमध्ये घालायचं, कागदाच्या पट्टीचं टोक त्यात बुडवायचं आणि पट्टीवर पेन्सिलीने वेळ लिहायची. पहिली दहा मिनिटं ओली माती, तळघर, किंचित कापूर. तासाभराने माती मागे सरते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्टीला कोरड्या लाकडाचा, कोकोच्या पुडीचा वास येतो आणि आठवडा उलटला तरी तळाशी एक मऊ गोडवा उरतो. हा शेवटचा भाग ज्यांनी कधी हुंगलाच नाही, त्यांनी पॅचुलीवर मत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला धीर लागतो, आणि नवशिक्यांना त्याच संध्याकाळी फोटो टाकायचा असतो.

'वास येत नाहीये, अजून थोडं घालते'

सगळ्यांत लाडकी चूक ही. दुसऱ्यांना नावं ठेवते खरी, पण ती मीही केली आहे, आणि तीही चांगली दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी असताना.

२ किलो तेलांचा साबणाचा घाणा होता, कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता केलेल्या साबणाचा. सुगंधाचं माप ठरलेलं: संत्र्याचं तेल ४५ ग्रॅम, पॅचुली १० ग्रॅम, देवदार ५ ग्रॅम. म्हणजे एकूण ६० ग्रॅम, तेलांच्या ३ टक्के. त्या दिवशी सकाळपासून मी मोठ्या बाटलीतली पॅचुली लहान बाटल्यांत भरत बसले होते. दुपारी साबण ट्रेसला आला, म्हणजे मिश्रण दाट झालं, सुगंध घातला, भांड्यावर वाकून हुंगलं तर नुसतं संत्रं. पॅचुलीचा पत्ता नाही! काटा बाजूला सारला आणि सरळ बाटली तिरपी केली. पुन्हा हुंगलं. पुन्हा तिरपी केली. नंतर बाटली काट्यावर ठेवली तेव्हा कळलं, १०च्या जागी ३८ ग्रॅम गेली होती.

खरं तर भांड्यात पॅचुली पहिल्यापासून व्यवस्थित होती. नव्हतं ते माझं नाक. एकच वास तासन् तास घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. घरातल्या मंडळींना मात्र अंगणापासून कळत होतं.

खरी फजिती पुढे झाली. संत्र्याचं तेल हलकं. साबणात ते टिकता टिकत नाही. वड्या सहा आठवडे वाळल्या तोवर संत्रं जवळजवळ उडून गेलं. पॅचुली मात्र लायला (साबणातल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला) बधत नाही, वाळवणीलाही नाही, त्यामुळे मागे एकटी तीच उरली. २८ वड्या, आणि एकेक वडी म्हणजे बंद तळघर. वर त्याच मांडणीच्या वरच्या फळीवर लॅव्हेंडरच्या वड्या वाळत होत्या, त्यांनीही तो वास ओढून घेतला. लॅव्हेंडर घेणाऱ्या एका बाईंनी वडी परत आणली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ही जुनी आहे का हो?"

तेव्हापासून काही गोष्टी पाळते. सुगंधाचं मिश्रण आदल्या दिवशी वजन करून, एका बाटलीत कालवून ठेवते. साबणाच्या दिवशी ती बाटली ओतायची आणि बाकी काही उघडायचंच नाही. ओतण्याच्या क्षणी कसा वास येतो याला काही अर्थ नसतो, कारण सहा आठवड्यांनी कोण टिकणार आणि कोण पळणार हे तेव्हा ठरायचं असतं. लिंबू-संत्र्यासारखे पळपुटे सोबती असतील तर पॅचुली वाटते त्याहून कमीच घ्यायची. आणि शंका आलीच तर बाहेरून आलेल्या माणसाच्या नाकाखाली भांडं धरायचं. आपलं नाक त्या दिवशी साक्षीला उभं करायचं नाही.

आधीच जास्त पडली असेल तर वर दुसरा सुगंध चोपडून ती लपत नाही. दोन वासांची भांडणं तेवढी होतात. मी त्या २८ वड्या किसून ठेवल्या आणि बिनवासाच्या नव्या घाण्यांत मूठ-मूठ घालत गेले. संपायला वर्ष लागलं. गंमत म्हणजे त्या ठिपक्याठिपक्यांच्या वड्या लोकांना आवडल्या, आणि त्यांतल्या काहींनी मला सांगितलं होतं की त्यांना पॅचुली सहन होत नाही.

मेणबत्तीत पॅचुलीचीच आमटी करणं

तक्रार नेहमीची: "थंड मेणबत्तीला छान वास येतो, पेटवली की काहीच नाही." आणि त्यावरचा इलाज म्हणून सुगंध ८ वरून १२ टक्क्यांवर नेलेला असतो. अहो, पॅचुलीचे रेणूच जड. वितळलेल्या मेणातून उठून खोलीभर पसरायची त्यांना घाई नसते. तुम्ही जास्त ओतलं म्हणून ते हलके होत नाहीत. होतं काय, तर मेणाला तेवढं तेल धरून ठेवता येत नाही. वरच्या पृष्ठभागाला घाम फुटल्यासारखे थेंब येतात, वात दाट तेलाने चोंदते, ज्योत फडफडते, टोकाला काजळीचं बोंड धरतं आणि काच काळी होते. मेणावर सुटं तेल साचलेली मेणबत्ती पेटवणं हा आगीशी खेळ आहे, तेव्हा अशी मेणबत्ती तयार झालीच तर ती फेकून द्या. मन घट्ट करून.

सोया मेणात मी एकूण सुगंध ६ ते ८ टक्क्यांतच ठेवते आणि त्यात पॅचुलीचा वाटा फार तर पाचवा. बाकी काम लवकर उठणाऱ्या वासांनी करायचं. पॅचुलीने फक्त मागून धरून ठेवायचं. दाट तेल आधी बाकीच्या सुगंधात मिसळून पातळ करते, मग साधारण ७०-७५ अंशांच्या मेणात घालून दोन मिनिटं सावकाश ढवळते. फेटायचं नाही. त्याने वास मिसळत नाही, बुडबुडे तेवढे होतात. वात नेहमीपेक्षा एक नंबर जाड लावून बघते. मग दोन आठवडे मेणबत्तीला हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वास येत नाही" म्हणून मला फोन करणाऱ्यांना मी आता फक्त तारीख विचारते.

गडद तेल, व्हॅनिला आणि काळवंडलेलं अत्तर

पॅचुली पुष्कळदा लोखंडी भट्ट्यांत काढतात. त्या तेलात लोहाचा अंश उतरतो आणि रंग गडद तपकिरी येतो. असं तेल व्हॅनिलिनसोबत (व्हॅनिलाला वास देणाऱ्या घटकासोबत) घातलं की सुंदर सोनेरी अत्तर काही दिवसांत मळकट होऊन बसतं. वासाला फारसं काही होत नाही, पण बाटलीकडे बघवत नाही. सायट्रिक आम्लाने लोह काढून तेल गाळून घेता येतं, पण मी त्या भानगडीत पडत नाही. अत्तरासाठी स्टीलच्या भट्टीतलं फिकं तेल घेते आणि गडद तेल साबणाला ठेवते. तिथे तपकिरी झाक येणारच असते. पांढराशुभ्र पॅचुली साबण हवा असा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

गोड वासाशी पॅचुलीचं जमत नाही असा मात्र अर्थ काढू नका. १९९२ साली आलेल्या मुग्लरच्या 'एंजल' अत्तरात ती भरभक्कम आहे, पण समोर एथिल माल्टॉलचा जळक्या साखरेसारखा गोडवा तितक्याच ताकदीने उभा केला आहे. पॅचुलीचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या बायकांना मी ते लावून फिरताना पाहिलं आहे.

बाकीच्या, थोडक्यात

थेंब मोजू नका, ग्रॅम मोजा. दाट तेलाचा थेंब लिंबाच्या तेलाच्या थेंबाएवढा नसतो.

तेल काहीच न मिसळता मनगटावर चोळू नका. कपड्यावर तर नाहीच; डाग आणि वास दोन्ही राहतात.

संशयास्पद स्वस्त तेल घेऊ नका. त्यात गुर्जन बाल्सम (एका झाडाचा राळेसारखा चीक) किंवा साधं खाद्यतेल निघू शकतं. कागदावर थेंब टाकून ठेवा. कितीही दिवसांनी तेलकट चकचकीत डाग जसाच्या तसा राहिला आणि वास मात्र गेला, तर काय घेतलं ते कळेल.

नवं तेल उग्र लागलं म्हणून फेकू नका. घट्ट बुचाच्या, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत अंधारात ठेवा. पॅचुली वयाने मवाळ होते. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीची एक बाटली आहे, ती मी मोजून वापरते.

आवडत नाही असं कोणी म्हटलं तर पटवत बसू नका. या वासाला आठवणी चिकटलेल्या असतात. १९व्या शतकात काश्मिरी शालींत कसर लागू नये म्हणून याची वाळलेली पानं घालून त्या युरोपात पाठवत, आणि तिथले गिऱ्हाईक वासावरून शाल अस्सल आहे का ते ताडत. पुढे १९६०-७०च्या हिप्पींनी तोच वास अंगाला लावला आणि पुढच्या पिढीला तो न धुतलेल्या केसांचा वाटू लागला.

आणि सिलिकॉनचा साचा. पॅचुली एकदा त्यात मुरली की सोडा, व्हिनेगर, ऊन, सगळं करून झालं तरी निघत नाही. पुढची गुलाबाची वडी तिचाच वास घेऊन बाहेर येते. वेगळा साचा ठेवा. माझ्या साच्यावर मार्करने मोठा 'पॅ' लिहिलेला आहे, तरी मागच्या महिन्यात कोणीतरी त्यात ओटमीलचा साबण ओतलाच.