घरातल्या माणसांकडून ९३ च्या भूकंपाच्या आठवणी कशा लिहून घ्यायच्या

आमच्याकडं "भुकंप झाला तवा" हे वर्षं मोजायचं माप आहे. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, बोअर कधी पाडलं, सगळं भूकंपाच्या आधी नाहीतर नंतर. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या रात्री, पहाटेच्या आधी, नेमकं काय झालं हे घरात कुणी बसून सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही, असं करत करत ३० वर्षं गेली. ज्यांना सगळं आठवतं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, रोज कुणीतरी कमी होतंय. म्हणून ज्यांची मुळं किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी, राजेगाव या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः तेव्हा ९ वर्षांचा होतो, आमचे आबा आणि धाकटी चुलती त्या पहाटे गेले, आणि गेल्या काही वर्षांत घरातल्या आणि गल्लीतल्या मिळून १४ जणांच्या आठवणी मी लिहून काढल्यात. त्यात काय जमलं, काय चुकलं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारायच्या आधी स्वतःचं लिहून काढा. तुम्ही तेव्हा लहान असाल तरी लिहा, जन्मलाच नसाल तर जे ऐकत मोठे झालात ते लिहा. दोन रंगांचे पेन घ्या, स्वतः बघितलेलं निळ्यानं आणि नंतर ऐकलेलं किंवा फोटोत पाहिलेलं लालनं. हे करताना मला धक्काच बसला, कारण मला पक्कं आठवत होतं की पहिल्याच सकाळी मी मिलिटरीच्या गाड्या बघितल्या, आणि मायला विचारलं तर ती म्हणाली तू तर तेव्हा मामाच्या गावाला होतास, तुला सकाळीच बैलगाडीत घालून नेलं होतं. म्हणजे ते चित्र मी पेपरातल्या फोटोवरून मनात बसवलेलं. उलट एक गोष्ट मात्र पूर्ण माझीच निघाली, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून आम्ही पोरं दमून मंडळाच्या मांडवातच झोपलो होतो, आणि जाग आली तेव्हा तोंडात माती होती. ती चव अजून आठवते. एवढं वेगळं काढलं की मग दुसऱ्याचं ऐकताना आपण आपलंच त्यात घुसडत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. त्या रात्रीपासून सुरुवात करू नका, घरापासून करा.

मी पहिल्यांदा आज्जीसमोर बसलो तेव्हा थेट विचारलं, "आज्जी, भूकंपाच्या रात्री काय झालं?" तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं, लई मोठा आवाज झाला, घर बसलं, तुझे आबा गेले. संपलं. हेच वाक्य तिनं तीस वेळा तरी सांगितलं असणार, सर्व्हेवाल्यांना, पेपरवाल्यांना, पंचनाम्याला आलेल्यांना. त्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडं असं एक पाठ झालेलं उत्तर आहे. ते शांतपणे ऐकून घ्या, मधे तोडू नका, पण तिथं थांबूही नका.

पुढच्या खेपेला मी तिला विचारलं की जुन्या गावातलं आपलं घर कसं होतं, मला आठवत नाही, दाखव ना. तिनं सुपातले चिंचोके घेतले आणि अंगणात मांडायला लागली. ही ढेलज, इथं बैलं, इथं चूल, हे देवघर, ह्या भिंतीत बळद, त्यात जवारी. मग स्वतःच म्हणाली आणि हितं तुझे आबा निजायचे, आणि एक चिंचोका तिथं ठेवला. मग चुलतीचा. मग शेजारचं घर मांडलं, मग समोरचं, अख्खी गल्ली मांडली, आणि प्रत्येक घरात जेवढी माणसं तेवढे चिंचोके. दीड तास. मधे मधे एखादा चिंचोका उचलून हातात ठेवायची आणि पुढं जायची. मी काहीही विचारलं नाही. शेवटी तिच्या मुठीत २३ चिंचोके होते.

तर नकाशा काढा. चिंचोके, खडे, तुरीचे दाणे, नाहीतर कागदावर पेननं, काहीही चालेल. घराचा नकाशा काढला की प्रश्न आपोआप सुचतात. कोण कुठं झोपलं होतं, बाज होती की खाली वाकळ टाकून, दार कुठल्या बाजूला उघडायचं, माळवद कुठल्या खोलीवर जास्त जाड होतं. आणि त्यातूनच कळतं की कोण का वाचलं. आपल्याकडची घरं म्हणजे दोन-तीन फूट रुंद दगडाच्या भिंती, चुन्याऐवजी नुसती माती भरलेली, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला, आणि वर लाकडावर फूट-दीड फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर अजून माती. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि तेवढं सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. रिश्टर स्केलवर ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा भूकंप, एवढ्यानं इतकी माणसं का मेली याचं उत्तर त्या नकाशात आहे, फक्त ते "घरं कच्ची होती" असं एका ओळीत न लिहिता आपल्या घराची भिंत कशी होती ते लिहा. आमच्या शेजारी एका गरीब घराचं छप्पर कुडाचं आणि पाचटाचं होतं, त्या घरातलं कुणीच गेलं नाही. वाड्यातली माणसं गेली. हे मला नकाशा मांडतानाच कळलं.

प्रश्न छोटे आणि हाताला लागतील असे विचारा. "तुम्हाला तेव्हा काय वाटलं" हा प्रश्न कृपा करून विचारू नका, त्याला उत्तर नसतं आणि माणूस अवघडतो. त्यापेक्षा हे बघा: त्या रात्री जेवायला काय होतं? विसर्जनाहून परत कधी आलात? बाहेर आल्यावर पहिला आवाज कुणाचा ऐकला? पाणी कुणी दिलं पहिल्यांदा? पायात काय होतं? पहिला चहा कधी प्यायलात, कुणाच्या शेतात? रानात तेव्हा काय उभं होतं? आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, रानातलं विचारल्यावर ते एकदम बोलायला लागले, हायब्रीड काढणीला आलेली, तूर कमरेएवढी, आणि भूकंपानंतर जो पाऊस लागला त्यात ती उभी जवारी कणसातच उगवली, कापायला कुणी नव्हतं. त्या जवारीबद्दल बोलता बोलता ते धाकट्या भावाच्या बायकोवर आले, तिला ढिगाऱ्यातून त्यांनीच काढलं होतं. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

९२ सालचंही विचारा, ते बऱ्याच जणांकडून सुटतं. वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ च्या सुमाराला किल्लारी भागात धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग परत घरात गेले. त्या "परत घरात गेलो" मध्ये फार मोठं ओझं आहे. काही माणसं अजून स्वतःला दोष देतात की मीच म्हणालो होतो चला आत, काही होत नाही. असं कुणी बोललं तर समजूत घालायची घाई करू नका, ऐका, आणि नंतर सावकाश सांगा की तेव्हा शास्त्रज्ञांनाही त्या भागात एवढा मोठा भूकंप येईल असं वाटत नव्हतं, दख्खनचा हा खडक स्थिर समजला जायचा. हे खरं आहे आणि त्यानं माणसाला थोडं हलकं वाटतं, हे मी दोनदा बघितलंय.

वेळ आणि जागा सांगतो. संध्याकाळी, रात्री अजिबात नको, त्या माणसाला नंतर झोप येत नाही. ३० सप्टेंबरलाही नको, त्या दिवशी स्मृतिस्तंभाला जायचं असतं, घरात आधीच जड असतं. पितृपंधरवड्यातही नको, कारण ९३ ला भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी पितृपंधरवडा लागला होता आणि आमच्याकडं अजून बऱ्याच घरांत तो पंधरवडा वेगळाच जातो. सकाळी कामं उरकल्यावर, हातात काहीतरी असताना बोलणं चांगलं होतं. माय तुरीची डाळ निवडताना बोलली, तिच्याकडं न बघता मीही निवडत होतो. आणि बायकांशी वेगळं बोला. दादा समोर असताना माय "तुम्हीच सांगा की" म्हणून गप्प बसायची, आणि ते बाहेर गेल्यावर तिनं जे सांगितलं ते मिलिटरी, मदत, पंचनामा यातलं काहीच नव्हतं. उघड्या रानात शेकडो माणसांत बाईनं आडोशाला कुठं जायचं, पाळी आली तर काय करायचं, बाळंतीण पावसात कशी सांभाळली, ते होतं.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, फोन लपवून ठेवू नका. साधा मोबाईलचा रेकॉर्डर पुरतो, फक्त एअरप्लेन मोड टाका नाहीतर नेमक्या वेळेला कॉल येतो, फोनखाली रुमाल घडी करून ठेवा, पंखा बंद करा. एका बैठकीला तासभर खूप झाला.

रडू आलं तर? येतंच. पाणी द्या, रेकॉर्डर बंद करा, बसून राहा. "रडू नका" म्हणू नका. नको म्हणाले तर विषय कायमचा सोडा, पुन्हा दुसऱ्या वाटेनं काढायचा नाही. आमच्या एका मावशीनं दोन लेकरं गमावली, तिनं सुरुवातीलाच हात जोडले आणि मी वही मिटली, तिच्या पानावर फक्त त्या दोघांची नावं आणि वयं आहेत, ती सुद्धा तिनं स्वतः लिहायला सांगितली म्हणून. नंतरचे दोन-चार दिवस फोन करून चौकशी करा, आणि कुणाला झोप लागेना, जेवण जाईना असं झालं तर डॉक्टरांकडं न्या, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आठवणी एकमेकांशी जुळणार नाहीत. दादा म्हणतात किर्र अंधार होता, आज्जी म्हणायची चांदणं होतं. कॅलेंडर काढून बघितलं तर पौर्णिमा लागायची वेळ, म्हणजे चंद्र जवळपास पूर्ण, पण इतका धुराळा उठलेला की ढिगाऱ्याजवळ हात दिसत नव्हता. दादा ढिगाऱ्याजवळ होते, आज्जी वेशीबाहेर. दोघंही खरं सांगत होते. म्हणून कुणाला समोरासमोर खोडू नका, दोन्ही लिहा आणि कोण कुठं उभं होतं तेही लिहा. आकड्यांचं मात्र उलट, ते आठवणीवर सोडू नका. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी साधारण ८,००० पासून १०,००० पर्यंत छापलाय, तुम्ही आपल्या गावाचे, आपल्या गल्लीचे मोजा, नावं लिहा. ग्रामपंचायतीची नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर, घरातलं भूकंपग्रस्ताचं सर्टिफिकेट, यातून बरंच जुळतं. शाळेच्या रजिस्टरमध्ये माझ्या वर्गातल्या ११ जणांच्या नावापुढं एकाच तारखेची नोंद आहे, एकाच अक्षरात.

आणि गोष्ट त्या पहाटेवर संपवू नका. चिता रचायला लाकूड नव्हतं तेव्हा घराच्याच चौकटी, तुळया वापरल्या, लिंगायत आणि मुसलमान घरातल्यांनी पावसात खड्डे खणले. पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं गेली, ते विचारा. भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलेली पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, ती परत आल्यावर गाव कसं वाटलं ते विचारा. नवीन गावात जमिनीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, सरळ रेषेत, रुंद रस्ते, आणि जुन्या गल्लीतले शेजारी पार दुसऱ्या टोकाला गेले. आज्जी म्हणायची, "घर दिलं बाबा, पर शेजार नाही दिला." नवीन घर असून ती बरेच दिवस अंगणातच झोपायची.

लिहून काढताना भाषा सुधारू नका. "व्हतं" असेल तर "व्हतं" लिहा, म्या, तवा, हितं, सगळं तसंच. गप्प बसले तर कंसात "थांबली" लिहा. फाईलला नाव, गाव, तारीख द्या, व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते, आणि तीन ठिकाणी ठेवा, एक कॉपी गावातल्या कुणाकडं तरी. जुने फोटो सावलीत, उजेडाकडं तोंड करून मोबाईलनं काढा, मागची बाजू पण काढा, तिथं तारीख नाहीतर नाव असतं. लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवा, काय ठेवायचं काय काढायचं हे तोच ठरवेल. मायनं एक पान काढायला लावलं, मी काढलं.

आज्जी २०१९ ला गेली. तिनं मांडलेल्या गल्लीचा मी त्याच दिवशी फोटो काढून ठेवला होता, आता प्रत्येक घरावर नाव लिहून झालंय, फक्त वेशीकडून दुसऱ्या घरात तिनं चार चिंचोके ठेवले होते आणि दादा म्हणतात तिथं पाच माणसं होती. पाचवं कोण ते त्यांना आठवत नाही. त्या घरातली एक लेक औश्याला दिलीय, दिवाळीत गावी गेलो की तिच्याकडं जायचंय.